माहेरी आणलेल्या मासोळ्या

भोयाच्या पोरीने मासे विकत घ्यावेत, याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही. अकोल्याच्या जठारपेठेत राहायला येऊन माझे केस पांढरे झाले, तरी रविवारी मासेवाल्यापुढे उभी राहिले की पदर नकळत पुढे ओढला जातो. त्याचे मासे कुठून तरी लांबून, बर्फात, थर्माकोलच्या खोक्यातून येतात. तो म्हणतो, "मावशी, एकदम ताजा हाये, सकाळचाच." मी कल्ला उचलून बघते आणि त्याच्याकडे बघते. मग तो हसतो आणि दुसरा मासा काढतो. अलीकडे त्याच्या पाटीत बोटाएवढ्या मासोळ्यांचा ढीग दिसायला लागला आहे. त्यांनी अजून एकदाही अंडी धरलेली नसतात. मी त्याला एकदा रागावले, "हे कशाला आणतोस रे? ही लेकरं आहेत." तो म्हणाला, "लोक मांगतात मावशी, कुरकुरीत लागते." लोक काय, काहीही मागतील. मी घरी आले आणि त्या दिवशी बेसन केले.

आमचे गाव दर्यापूरच्या अलीकडे, पूर्णेच्या काठावर. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही, आणि चहा केला तर पाहुणा दुसऱ्यांदा यायचा नाही. इथे एके काळी समुद्र होता, असे शाळेत गुरुजी सांगत. मी घरी येऊन ते मायला सांगितले तर ती म्हणाली, "मंग गेला काहून? आपलं काई चुकलं असन." प्यायचे पाणी आम्ही नदीच्या वाळूत झिरा खणून वाटी-वाटीने काढायचो. त्यामुळे नदी आमच्या घरात देवासारखी नव्हती, स्वयंपाकघरातल्या माठासारखी होती, आणि माठात कोणी पाय धूत नाही. डोहाच्या काठी साबण लावलेला मायला चालत नसे. थुंकले तर पाठीत धपाटा. "खाली कोनी पिऊन राहिलं असन," ती म्हणायची. खाली कोण, हे तिलाही माहीत नव्हते. ती कधी अकोल्याच्या पुढे गेली नव्हती.

गावात भोयांची घरे मोजकीच होती. आमच्या घरात आम्ही तिघे, बाबा, माय आणि मी. मी एकुलती, म्हणून गावाला माझी कीव यायची आणि मला गावाची. घराच्या आढ्यावरून जाळी लोंबत असत आणि घरभर ओल्या सुताचा वास असे. माय दारात बसून जाळे सांधायची. पायाच्या अंगठ्यात जाळे अडकवून, तोंडात दोरा धरून ती बोलायची, त्यामुळे तिचे निम्मे बोलणे आम्हाला अंदाजाने समजून घ्यावे लागे. जाळ्याच्या प्रत्येक डोळ्यातून बाबांची चार बोटे आरपार गेली पाहिजेत, हा घरचा कायदा. कमी भरले तर बाबा काही न बोलता जाळे परत तिच्या मांडीवर ठेवत. लहान मासा निसटून गेला पाहिजे, त्याला अजून संसार करायचा आहे, असे ते म्हणत. हे म्हणताना ते माझ्याकडे बघत, कारण मीही जेवायला बसले की ताटावरून निसटायची.

आषाढातल्या आखाडीपासून पोळ्यापर्यंत जाळी आढ्यावरून खाली उतरत नसत. तेव्हा मासोळीचे बाळंतपण असते. त्या दिवसांत आमच्याकडे आंबाडीची भाजी, त्यात उन्हाळ्यात वाळवलेले झिंगे, ज्वारीची भाकर आणि ठेचा. आंबाडी खाऊन खाऊन जीभ आंबून जायची, पण डोहावर नुसते बघायला जायची मुभा असे. श्रावणात मरळीची पिल्ले पाण्यावर येत. मरळ स्वतः काळी, थोराड, भांडखोर बाईसारखी. पिल्ले मात्र लालभडक, मुठीएवढ्या पुंजक्याने पोहणारी. पाण्यात कोणी मूठभर कुंकू टाकले आहे असे वाटे. खाली आई-बाप पहारा देत. काठी बुडवली तर मरळ काठीला चावायला येई. पिल्ले लाल आहेत तोवर मरळीला हात लावायचा नाही. पोळा होईतो लाली उतरे, पिल्ले काळपट होऊन पांगत, आणि मग बाबा जाळे काढत. फेकलेले जाळे पाण्यावर पडताना सर्रर्र आवाज व्हायचा. तो आवाज घरापर्यंत ऐकू आला की माय जवस भाजायला घ्यायची. त्या रश्श्याची चव आज माझ्या हाताला येत नाही. मसाला तोच, जवस तेच, आता मासा कुठून आणू?

उन्हाळ्यात आम्ही नदीच्या वाळूत टरबूज-खरबुजांची डांगरवाडी लावायचो. नदी आटत जाई आणि मागे डबकी उरत. मग मायचा हंगाम सुरू व्हायचा. आटणाऱ्या डबक्यांत पोटुशा मासोळ्या अडकत. त्यांना घागरीत घालून, तोंडाला ओले फडके बांधून डोहात नेऊन सोडायचे. डोह कधी आटत नसे. हे काम बायांचे. त्याला आमच्याकडे माहेरी आणणे म्हणत. पहिल्या घागरीला हळदकुंकू लावायचे, काठावर पाच बायांनी ओटीचे तांदूळ पाण्यात सोडायचे आणि म्हणायचे, "आली वं माय, आली." मला त्याचे हसू यायचे. माय मात्र पूर्ण गंभीर असे. तिचे स्वतःचे माहेर तिच्या लग्नानंतर लवकरच उठून गेले होते, कोणी उरले नव्हते. ती कधी कुठे माहेरपणाला गेली नाही. तिने माहेरपण केले ते मासोळ्यांचे. आता हे मला कळते. तेव्हा घागर डोक्यावर उड्या मारायची आणि मानेवरून पाणी गळायचे, एवढेच कळे.

त्या वर्षी नदी लवकर आटली. वरच्या अंगाला काठाकाठाने पाणी ओढायच्या मोटारी बसल्या होत्या, दिवसरात्र घरघर चाले. नेहमी भरलेले असणारे वरचे डबकेसुद्धा गुडघ्यावर आले. हे डबके वळणाच्या पलीकडे, नाला नदीला मिळतो त्याच्याही वर, आणि तिथून डोहापर्यंत घागर आणणे म्हणजे कंबर मोडून घेणे. दर वर्षी तिथल्या मासोळ्या आम्ही तशाच ठेवायचो. त्या वर्षी माय म्हणाली, त्याही आणायच्या.

बाबा डांगरांना पाणी घालत होते. ते म्हणाले, "वरच्या डबक्यातल्या ऱ्हाऊ दे थोड्याक. साऱ्याच एका जागी नोको आनू. बियानं कोनी एकाच मडक्यात ठेवते काय?"

"अन् तिथं तडफडून मेल्या तं? पाह्यवत नाई मले."

"मरळ तं चिखलात भी जगते. तिले कायले हलवते?"

"चिखल भी वाळन," माय म्हणाली. "पोटुशा हायेत त्या. तुमी बाप्ये मानसं, तुमाले नाई समजत."

बाबांनी मान हलवली आणि डांगरांकडे वळले. आमच्या घरात जाळे बाबांचे आणि माहेरपण मायचे, तिच्या कामात ते बोलत नसत. आम्ही वरच्या डबक्याला लागलो. सकाळी ऊन चढेपर्यंत आणि संध्याकाळी दिवस मावळेपर्यंत वाहत होतो. रोहू, शिंगाडे, चिखलात लपलेल्या वामी, मरळी. मरळी फडक्याला धडका देत. शेवटी मायने डबक्यात उतरून हातांनी तळ चाचपला, कोपरापर्यंत चिखलात हात घालून, एकही राहू नये म्हणून. बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर चिखल होता आणि ती हसत होती. मी तिला इतके हसताना फारसे पाहिले नाही. "आता साऱ्या जनी माहेरी," ती म्हणाली, आणि झिऱ्यावर जाऊन तोंड धुतले.

त्याच आठवड्यात शालूचे लग्न होते. शालू ही नानाजींची मुलगी, माझ्याच वर्गातली, माझी जिवाची मैत्रीण. नानाजी म्हणजे गावातले मोठे कास्तकार, नाल्याच्या काठी त्यांचे घर आणि पलीकडे कपाशीची शेते. माणूस दिलदार. पोळ्यानंतरची पहिली मरळ बाबा त्यांच्याकडे नेत आणि तिकडून आम्हाला वर्षाची ज्वारी येई. लग्नाला मी आणि माय दोघींनी लुगडी-परकर इस्त्रीला दिले होते, आणि इस्त्री ही आमच्या घरात घडलेली पहिली फॅशन.

वऱ्हाडी उतरवायला जागा हवी म्हणून नानाजींच्या गड्यांनी गोठ्यालगतची खोली रिकामी केली. तिथे कपाशीवर फवारायच्या औषधाचे जुने डबे होते, मुदत गेलेले, काही गळणारे, काही अर्धे भरलेले. लेकरे खोलीत झोपणार, तर हे जहर आधी बाहेर काढा, असे नानाजींनीच सांगितले. गड्यांनी ते नेऊन कोरड्या नाल्यात ओतले आणि डबेही तिथेच फेकले. वैशाखात नाला म्हणजे नुसते दगड. तिथे कोण येते, कोण पिते? लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आभाळ काळे झाले, मांडवाचे एक टोक उडाले, गारा पडल्या आणि नाला तासभर वाहिला. गावात सगळे खूश. पावसाने लग्नाला आशीर्वाद दिला, असे नानाजी भिजलेल्या मांडवात उभे राहून म्हणाले. मी तिथेच शालूच्या हाताला मेंदी लावत होते.

सकाळी बाबा झिऱ्यावर गेले आणि लगेच परत आले. दारात उभे राहिले. हातात रिकामी घागर होती. माय चूल पेटवत होती, तिने वर पाहिले आणि काही न विचारता उठून धावत सुटली. मी तिच्या मागे.

डोह पांढरा झाला होता. सगळ्या उताण्या होत्या, पोटे वर करून, काठापासून काठापर्यंत. काहींचे कल्ले अजून हलत होते. पाण्यावर दुधट साय आली होती आणि कपाशीच्या फवाऱ्याचा तो गोडसर वास, डोक्यात जाणारा. माय काठावर बसली. पुढे वाकून तिने एक रोहू उचलला, तो तिच्या हातात एकदा तोंड उघडून थांबला. तिने त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला. पोट भरलेले होते. तिने तो खाली ठेवला, दुसरा उचलला, त्याचेही पोट चाचपले. मी "माय, माय" म्हणत होते. तिला ऐकू येत नव्हते.

बातमी गावात पोचली आणि लोक टोपल्या घेऊन आले. लग्नाचे दिवस, घरोघरी पाहुणे, आणि समोर मासेच मासे. बाबा त्यांच्यासमोर आडवे हात करून उभे राहिले. "खाऊ नोका. जहर हाये ह्याच्यात. पाया पडतो, लेकरायले नोका चारू."

एक जण म्हणाला, "तुले एकट्याले इकाचे असतीन, म्हनून."

बाबांना गावात कोणी असे बोलले नव्हते. त्यांनी नुसते बोट दाखवले. पलीकडे ओल्या वाळूत एक बगळा पडला होता, चोचीत अर्धी मासोळी. लोकांनी बगळ्याकडे पाहिले, मग टोपल्या खाली केल्या आणि एकेक जण निघून गेला. जो बोलला होता तो थोड्या वेळाने फावडे घेऊन परत आला आणि खड्डा खणू लागला. आमच्या डांगरवाडीतच खणला. माय एकेक मासोळी दोन्ही हातांनी उचलून आत ठेवत होती, फेकत नव्हती. ऊन चढले, वास सुटला, तरी फेकत नव्हती.

नानाजी आले तेव्हा त्यांच्या डोक्याला फेटा होता. गड्यांनी त्यांना सांगितले असावे. ते खड्ड्याजवळ उभे राहिले आणि हात जोडले. "भाऊ, मले नाई समजलं. लेकरायच्या भल्यासाठी म्हनून बाहेर काहाडाले लावलं मी."

बाबा म्हणाले, "पोरीचं लगन हाये आज नानाजी. तुमी जा."

मग माय माझ्याकडे वळली. तिच्या हातांना खवले चिकटले होते. "तू भी जाय. आंघोळ कर, नवा परकर घाल अन् जाय. अन् शालूले सांगू नोको."

मी गेले. अक्षता टाकल्या, पंगतीत बसले, पानात बुंदी पडली. शालू मला मिठी मारून रडली आणि मी तिच्याहून जास्त रडले. बायका म्हणाल्या, बघा, मैत्रीण असावी तर अशी. शालू आता अमरावतीला असते, तिला नातवंडे आहेत, सणावाराला फोन करते. मी तिला अजून सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी माय पहाटेच उठून वरच्या डबक्याकडे निघाली. बाबांनी मला खूण केली, म्हणून मी मागे गेले. डबके भरले होते. परवाच्या पावसाने कमरेएवढे पाणी आले होते, नाला त्याच्या खाली मिळत असल्याने जहराचा थेंबही तिथे आला नव्हता. पाणी इतके स्वच्छ की तळाच्या चिखलात मायच्या हातांचे ओरखडे दिसत होते. आत काहीच नव्हते. पाण्यावरच्या किड्यांना खायलाही कोणी नव्हते. माय काठावर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर मारून घेतले. तो आवाज मी विसरू शकत नाही. मी तिचे हात धरले. ती म्हणाली, "इथं जगल्या असत्या. थो म्हनत होता. ऱ्हाऊ दे म्हनत होता." मग तिने विचारले, "थे पानी आता कुठं गेलं असन वं?"

"तापीत."

"अन् मंग?"

"समुद्रात," मी म्हणाले. शाळेत शिकले होते.

"तिथं भी कोनी आपल्यावानी जाळं टाकत असतीन," ती म्हणाली. मग आम्ही घरी आलो.

त्या वर्षी पूर आला आणि गेला. श्रावणात मी डोहावर जाऊन बसले, कुंकू कुठे दिसले नाही. पोळ्याला बाबांनी जाळे काढलेच नाही. दुसऱ्या वर्षी चिलापी नावाचा कुठूनसा आलेला मासा डोहात दिसू लागला, तो मात्र काहीही खाऊन जगतो. दिवाळीनंतर बाबांनी अकोल्यात कापसाच्या जिनिंगमध्ये काम धरले आणि आम्ही गाव सोडले. नदीतला माणूस रुईच्या धुळीत गेला आणि आयुष्यभर खोकत राहिला. मला शिकवले, मी मास्तरीण झाले, माझे लग्न जठारपेठेत झाले. म्हातारपणी दोघे माझ्याकडेच आले. जावयाच्या घरी राहायचे म्हणून बाबा सुरुवातीला पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसत.

बाबांनी मायला त्या गोष्टीबद्दल एकदाही बोल लावला नाही. चिडले, भांडले, मिठावरून ताट सरकवले, पण ते एक वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघाले नाही. दर वर्षी वैशाखात आखाजी झाली की ते एसटीने गावाला जात, डोहावर बसून येत. माय कधी गेली नाही. ते परत आले की ती त्यांना पाणी देई, आणि काही विचारत नसे. मी नवऱ्याला म्हणायचे, हे दोघे बोलून मोकळे का होत नाहीत? आपल्याला वाटते बोलले की मोकळे होते.

मायच्या शेवटच्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली होती. खोलीत कूलर चालू असे, आणि ती तो बंद करायला लावायची. पाण्याचा आवाज नको म्हणायची. आखाजीनंतर बाबा गावाहून परत आले, घामेजलेले, धापा टाकत. मी पाणी दिले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मायने विचारले, "काई दिसलं काय?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग तिच्या खाटेवर बसले आणि तिचा हात हातात घेतला. "दिसलं ना," ते म्हणाले. "मरळीची पिल्लं. हा एवढा पुंजका. लाल लाल."

"खरंच?"

"तुह्यी आन. डोहात कुंकू सांडल्यावानी."

मायने डोळे मिटले. "बरं झालं," ती म्हणाली. "सुटली मी." बाबांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला, बाहेर नळावर गेले आणि नळ सोडून उभे राहिले. तोंड धुवायला इतका वेळ लागत नाही.

मी मायच्या उशाशी बसले. मला वाटले तिला झोप लागली. तिने डोळे न उघडताच माझा हात शोधला आणि जवळ ओढले.

"इंदे," ती म्हणाली, "वैशाखात कुठं असतेत वं लाल पिल्लं?"

बाहेर नळ वाहत होता.

"पन त्याले सांगू नोको."